दोन बाप्यांचं घर

६ जानेवारी

आले, चहा प्यायले, गेले!

बेलापूरचे पाहुणे. मुलगी निकिता, तिचे वडील, मामा आणि एक आत्या. मी पांढरा शर्ट घातला होता. इस्त्री बिभीषणच्या घरून करून आणली – आमची इस्त्री आई गेल्यापासून कुठे आहे तेच माहीत नाही.

मुलगी चांगली होती. खरंच चांगली. सरळ विचारलं तिने, "घरात बाई माणूस कोण आहे?" म्हटलं, कोणी नाही. मी आणि दादा, माझे वडील. "बरं," म्हणाली. मग पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

आत्या पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन आली. आत काय बघितलं असेल ते मला माहीत आहे – खरकटी कढई, ओट्यावर मुंग्या, दोरीवर आमची दोघांची बनियनं. गाडीत बसताना ती हळूच बोलली, पण मला ऐकू आलं. "ह्या घरात पोरगी द्यायची म्हंजी दोन बाप्ये सांभाळायला द्यायची."

शेती आहे, गाई आहेत, स्लॅबचं घर आहे, दारात पिकअप आहे. माझं नाव तर श्रीमंतच आहे!

दादांनी विचारलं, "काय म्हनले?" म्हटलं, कळवतो म्हणाले. कळवणार नाहीत हे दोघांनाही माहीत.

९ जानेवारी

कळवलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. डेअरीवर सगळ्यांनी सगळ्यांना तिळगूळ दिला. माझ्याही हातावर पडला. घरी येऊन दादांना दिला. ते म्हणाले, "गोड बोल." मी म्हटलं, "हूं." दिवसभरात घरात झालेलं बोलणं एवढंच.

२१ जानेवारी

सकाळी धारा, मग डेअरी, मग घास कापायचा, कुट्टी करायची, डाळिंबाला पाणी, संध्याकाळी परत धारा. कामाचं काही वाटत नाही. काम संपलं की वाटतं.

सकाळी चहात बुडवून बिस्किटं. दुपारी दादा भात टाकतात. संध्याकाळी तोच भात, वर दूध नाहीतर मिरचीचा ठेचा. आई होती तेव्हा भाकरीचा वास गोठ्यापर्यंत यायचा. आता शेगडीजवळ उभं राहिलं तरी कसला वास येत नाही.

आज केस कापायला गेलो होतो. न्हाव्याने मान धरून डोकं खाली वाकवलं आणि माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं! का ते कळेना. घरी येताना रस्त्यात कळलं – मला माणसाचा हातच लागलेला नाही. आई गेली तेव्हा लोकांनी खांद्यावर हात ठेवले होते. त्यानंतर न्हावीच. गाईंना मी येता-जाता थोपटतो. मला कोण थोपटणार?

हे कुणाला सांगता येईल? छत्तीस वर्षांचा घोडा! म्हणून इथे लिहितोय. डायरी कृषी सेवा केंद्रवाल्याने फवारणीच्या नोंदी ठेवायला दिलीय.

३० जानेवारी

बिभीषणचंही जमलं नाही. तो माझ्या वर्गातला. धाकट्या भावाला पुण्यात कंपनीत नोकरी, म्हणून त्याचं आधी झालं. हा थोरला शेतीत – राहिला तो राहिलाच.

पारावर म्हणाला, "श्रीमंत, आता आपण दोघंच एकमेकांच्या गळ्यात हार घालू!" सगळे हसले. मीही हसलो. मग सगळे उठून गेले आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच.

५ फेब्रुवारी

झोप येत नाही. घरात पडलो की छत अंगावर येतं. गोठ्यात खाट टाकलीय. गाईंच्या श्वासाचा आवाज असतो तेवढाच आधार.

अंघोळ कधी केली आठवत नाही. करून जायचं कुठे? दाढी वाढलीय. दादा बघतात आणि मान फिरवतात. त्यांचाही सदरा कॉलरला काळा झालाय. मी तो बघतो आणि मान फिरवतो.

८ फेब्रुवारी

जेवलो नाही.

१२ फेब्रुवारी



दुपारी फवारणीच्या खोलीत गेलो. काय करायला गेलो होतो ते इथेसुद्धा लिहीत नाही. आत फळी रिकामी! एकही बाटली नाही. खाली डबा नाही. धुऊन पुसून ठेवल्यासारखी फळी.

दादा बाहेर ओट्यावरच्या खाटेवर बसले होते. विचारलं, "दादा, औषधं कुठायत?"

माझ्याकडे न बघता म्हणाले, "लागतील तवा मी आनून दीन."

मी तिथेच खाली बसलो. ते खाटेवर, मी जमिनीवर. त्यांना कधीपासून कळलं होतं? मला वाटायचं ह्यांचं माझ्याकडे लक्षच नाही.

रडू आलं नाही. रडायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

१३ फेब्रुवारी

धारा काढल्या. दूध घातलं. आहे.

२७ फेब्रुवारी

दादा अकोले गावाला पाहुण्याकडे गेलेत. कोण पाहुणा ते सांगितलं नाही. जाताना बिभीषणला माझ्या सोबतीला ठेवून गेले. मी काय तान्हं पोर आहे?

बिभीषणने अंडी उकडली. दोघांनी मीठ लावून खाल्ली. बरं वाटलं जरासं. लगेच गेलं.

१ मार्च

दुपारच्या एसटीने दादा आले. मागे एक बाई. साठीच्या आतबाहेरची, काळी-सावळी, हातात वायरची पिशवी. दादांच्या सदऱ्याला झेंडूची पाकळी चिकटलेली.

म्हटलं, पाहुण्या कोण?

दादा अंगणातच उभे राहिले. पोरगा मास्तरापुढे उभा राहतो तसे. "ही छबूबाई. आमी देवीम्होरं हार घातलेत. हिचा भाऊ हुता संगं."

आधी अर्थच लागेना. कुणाचे हार? मग लागला.

मी ओरडलो. गाई उठून उभ्या राहिल्या एवढा ओरडलो. "लाज नाही वाटली? लग्नाचं वय माझं आणि नवरदेव तुम्ही?"

दादा म्हणाले, "बोल. काय बोलायचं ते बोल. पर मला बोलायला कोनी न्हाई, श्रीमंता. तू बोलत न्हाईस. मला बोलता येत न्हाई. आसंच एकमेकाकडं बघत मरायचं का दोघांनी?"

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून आईच्या आजारपणानंतर ऐकलं नव्हतं.

ती बाई उन्हात उभी. शेवटी तिनेच विचारलं, "प्यायचं पानी कुठं आसतं?" कोणी सांगितलं नाही. स्वतः आत गेली, माठ शोधला, प्याली.

मी गोठ्यात.

३ मार्च

डेअरीवर एकजण म्हणाला, "श्रीमंत, नवी आई आणली म्हणं! बारसं कधी?" कॅन तिथेच सोडून आलो. मागून हसणं ऐकू येत होतं. परत जाऊन कॅन आणावाच लागला. तो परत जाण्याचा रस्ता!

मरावंसं वाटतं. रोजच वाटतं, पण आज लाजेने वाटलं.

५ मार्च

बिभीषणकडून कळलं – दादा त्याला सांगून बसलेत, मला नाही. दिवाळीनंतर संगमनेरला मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. ऑपरेशन झाल्यावर डोळ्याला पट्ट्या बांधून सगळ्यांना एका ओळीत बसवलं. दादांच्या शेजारी ही. दोघं दिवसभर बोलत होते. काय बोलत होते? "भातातले खडे, गाईचं वेत, पायाची दुखणी," बिभीषण म्हणाला. तोंडं दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्यावर बघितली.

तिला दोन मुलगे आहेत, अकोल्याजवळ. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. मुलांच्या घरी तिची झोपायची जागा पडवीत, शेळ्यांच्या बाजूला.

म्हणजे माझ्यासारखीच! हे मनात आलं आणि रागच आला.

९ मार्च

आज पहिल्यांदा आत बसून जेवलो. गोठ्यात ताट आणून ठेवते ती. आज आणलंच नाही. दादा म्हणाले, "आत ये. इथं कोन वाघ न्हाई."

बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण. ती आमच्याबरोबरच बसली, मागून नाही. पण खाते कशी – ताटाला डावा हात आडवा लावून, भराभर, न चावता. कोणी ताट ओढून घेईल अशी. दादा म्हणाले, "सावकाश. हितं कोन उठवीत न्हाई." तिने हात काढला. परत लावला. आपोआपच जात असावा.

मी मान खाली घालून जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. शरीराला लाज नसते!

१६ मार्च

सकाळी गोठ्यात येऊन म्हणाली, "पानी तापलंय. थंड हुईल." बास. अंघोळ कर म्हणाली नाही, वास येतो म्हणाली नाही.

गेलो. दोन बादल्या गरम पाणी. पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकला होता. अंगावरून मळ निघत होता तसा निघतच राहिला. बाहेर आलो तर धुतलेला शर्ट दोरीवर. दुपारी खाटेवर जरा टेकलो तो एकदम संध्याकाळच्या धारांनाच उठलो. गोठ्यात नाही – घरात झोपलो होतो!

तिला काय म्हणून हाक मारायची? अजून मारलेली नाही. "ओ" म्हणतो.

२४ मार्च

बरं वाटतं म्हणता म्हणता परत तेच. सकाळी उठवेना. छातीवर दगड. गाई हंबरत होत्या, तरी उठवेना. दादांनी धारा काढल्या.

ती उशाशी बसली. "किती दिस चाललंय आसं?" म्हटलं, वर्ष-दीड वर्ष. "मंग हे नुसत्या भाकरीनं जायाचं न्हाई. डाक्टरला दाव." म्हटलं, डोक्याच्या डॉक्टरला? गाव काय म्हणेल? ती हसली. "गावानं माझ्याबद्दल म्हनायचं काय शिल्लक ठिवलंय? तुझं बी त्यात खपून जाईल."

दादा घेऊन गेले संगमनेरला. डॉक्टर तरुण. गोळ्यांचं नंतर बोलला. आधी झोप विचारली, जेवण विचारलं, दिवसात कुणाकुणाशी बोलता ते विचारलं. मी म्हटलं, साहेब, आजार सांगू का? म्हणाला, "तोच विचारतोय." मग म्हणाला, "घरी तुमच्याकडे बघायला कोण आहे?"

"एक बाई आहेत."

"कोण तुमच्या?"

"वडिलांच्या –" आणि पुढचा शब्द निघेना. दादा बाहेर बाकावर बसले होते. मी म्हटलं, "मावशी आहेत."

निघालं तोंडातून.

२ एप्रिल

मावशींनी आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलं. साडी नाही, दागिना नाही. "न्हानीला कडी बसवून दे. दाराला दगूड लावून अंघुळ करायची लई वरसं झाली."

बाजारातून कडी आणली, बसवली. तिने आतून लावली, उघडली, परत लावली. आतून हसण्याचा आवाज आला. एकटीच हसत होती.

आम्ही दोन बाप्ये. आमच्या न्हाणीला कडी नाही हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं.

११ एप्रिल

कृषी विज्ञान केंद्रात पनीर करायचं प्रशिक्षण सुरू आहे. मावशींनीच लावून दिलं. मी तीन-चार वर्षं म्हणत होतो म्हणे – करायचंय, करायचंय. दादांनी तिला सांगितलं असणार.

आज सगळ्यांनी उभं राहून ओळख करून द्यायची होती. नाव सांगितलं, गाव सांगितलं. "गाई आहेत, पुढे पनीरचा छोटा धंदा करावा असं मनात आहे." पुढे! हा शब्द मी वापरला. वर्षभर मला 'पुढे' म्हणजे संध्याकाळच्या धारा.

गोळीमुळे असेल. भाकरीमुळे असेल. झोपेमुळे. कुणीतरी सकाळी नावाने हाक मारतं त्यामुळे. काय कशामुळे ते वेगळं काढता येत नाही. पण रिकाम्या पोटी, जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी मी पनीरचा विचार करू शकलो नसतो एवढं खरं.

१७ एप्रिल

नेली.

प्रशिक्षणावरून आलो तर घर उघडं, शेगडीवर आमटी आटून करपलेली. दादा ओट्यावर. बिभीषणने सांगितलं. दुपारी तिचे दोन्ही मुलगे जीप घेऊन आले. थोरल्याच्या मुलीचं, अश्विनीचं, लग्न ठरलंय. व्याही म्हणाले, जिची आजी म्हातारपणी पळून गेली त्या घरातली मुलगी करायची का विचार करावा लागेल. थोरल्याने तिला दंडाला धरून पारापर्यंत ओढत नेली. तिथे पदर सुटला तिचा. दादा मागून "आरं, मानसं हायत का कोन" म्हणत पळत होते. धाकट्याने त्यांना ढकललं.

पारावर सगळे होते. "कोण उठलं?" मी विचारलं.

बिभीषण म्हणाला, "कोणी नाही."

"तू?"

मान खाली. "मीपण नाही."

शेवटी तीच म्हणाली म्हणे, "सोड. माझी मी बसते. पोरीच्या लग्नात इघ्न नगं." आणि जीपमध्ये बसली.

१८ एप्रिल

दादांचा गुडघा सोलवटलाय. हळद लावली. लावून घेतली.

२५ एप्रिल

परत भात.

प्रशिक्षण सोडलं. कशाला जायचं? गोळ्या आहेत, घेत नाही. गोठ्यात खाट टाकली परत. एवढे दिवस जे चढलो होतो ते सगळं घसरून खाली. उलट आता जास्त वाईट – तेव्हा घरात काय नाही ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

६ मे

डोळे उघडले. बंद केले. ऊन.

१० मे

आज दादा उठताना पडता पडता वाचले. पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळलीय, तरी कमरेवर राहत नाही. मी बघतच बसलो. हे कधी झालं? दादा काय खातात? मी ताट ठेवतो, उचलतो. त्यात किती उरतं ते बघितलं नाही. मी माझ्याच दुःखात बुडालो होतो आणि माझ्या समोर माझा बाप वाळत चालला होता!

पाणी तापवलं. न्हाणीत पाटावर बसवलं त्यांना. आधी "नगं, नगं." मग सदरा काढला. पाठ चोळली. सगळे मणके हाताला लागत होते. दादांच्या पाठीला मी ह्याआधी कधी हात लावला होता? लहानपणी बैलगाडीत मागून मिठी मारली असेल तेव्हा.

पाणी ओतता ओतता बघितलं तर खांदे हलत होते. पाणी ओतत राहिलो.

११ मे

भाकरी थापली. नकाशा झाला! दादांनी अर्धी खाल्ली. बाकीची मी खाल्ली. करपलेली होती. गोळी घेतली. दादांसमोर घेतली, त्यांना दिसावी म्हणून.

१९ मे

अश्विनीचं लग्न आज. दादा सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. बँड इथवर ऐकू येणार होता का?

दुपारी म्हणाले, "लागलं आसंल."

३ जून

लग्न होऊन इतके दिवस झाले. निरोप नाही. दादा रोज सदरा बदलतात. एसटीच्या वेळेला उभे राहतात. एसटी जाते. बसतात. मला हे बघवत नाही. मी माणसाची वाट बघतो ती कुठल्यातरी न पाहिलेल्या मुलीची. हे ज्या माणसाची वाट बघतात तिचा आवाज, तिचा वास, तिची चाल सगळं ह्यांना माहीत आहे. कुठली वाट जास्त वाईट?

बिभीषण आला होता. ओट्याखालीच उभा राहिला. दादांना म्हणाला, "मी उठायला पायजे हुतं." दादा सरकले आणि खाटेवर जागा करून दिली.

१२ जून

आज अकोल्याला गेलो. दादांना सांगितलं नाही.

मुलांच्या घरी नाही ती. थोरला दारातूनच म्हणाला, "आमचा तिचा संबंध न्हाई." लग्न होईपर्यंत संबंध होता! शेजारच्या एका बाईने भावाचं गाव सांगितलं – अजून वर, भंडारदऱ्याच्या बाजूला. पिकअप घाटात तापली, तरी गेलो.

भाऊ गोरक्षनाथ, भाताच्या खाचरात चिखलात उभा होता. हात धुऊन आला, आधी पाणी दिलं, मग विचारलं कोण. मावशी मागच्या खोलीतून बाहेर आल्या. रोडावल्यात. मला बघून पहिलं विचारलं, "गोळी घेतोस का?"

म्हटलं, "चला. न्यायला आलोय."

मावशी खाली बसल्या. "तुज्या गावात न्हाई येनार. माझा पदर सुटला तवा आख्खा पार बसला हुता. त्यातल्या निम्म्यांच्या घरी मी लोनच्याची वाटी दिली हुती. त्यांच्या तोंडाकडं मी कशी बघू? त्यांनी वळख दिली तरी नगं, न्हाई दिली तरी नगं."



गोरक्षनाथ म्हणाला, "पावण्यांना, तुमच्या वडलांना, इकडं यायचं आसंल तर येऊ द्या. खोली हाय. भाताला मानूस बी लागतं. हितं कोन काय म्हनत न्हाई. म्हनलं तर मी हाय."

येताना सबंध घाट उतरेपर्यंत माझ्या मनात एकच – म्हणजे मी एकटा!

१३ जून

दादांना सांगितलं नाही. सांगवत नाही. ते एसटीला उभे राहिले तेव्हा मी गोठ्यात तोंड लपवून बसलो.

२० जून

सांगितलं.

त्यांचा चेहरा – असा चेहरा मी दादांचा बघितलाच नाही कधी. एक क्षणभर. मग दिवा फुंकावा तसा गेला. "न्हाई," म्हणाले.

"का?"

"तुला एकट्याला टाकून? माझं काय, झालं माझं. मी तिथं सुखानं घास खाईन आन हितं तू मागं काय करशील ह्याचं भ्या घशात आडकंल. न्हाई जमायचं."

म्हणजे माझा बाप माझ्या राखणीला बसलाय! मी जिवंत राहावं म्हणून तो उपाशी राहणार. किती दिवस? तो मरेपर्यंत?

आणि सर्वांत वाईट हे – मला आतून बरं वाटलं. नाही जाणार ते, म्हणून बरं वाटलं.

२ जुलै

डॉक्टरकडे एकटा गेलो. सगळं सांगितलं, ते बरं वाटलं तेही. म्हणाला, "भीती वाटणारच. पण तुम्हाला काय काय लागतं ते आता तुम्हाला माहीत झालंय. ते दुसऱ्या कुणी आणून द्यायची वाट बघायची का, एवढंच ठरवा."

गोळी बदलली. प्रशिक्षणवाल्यांना फोन केला – पुढची बॅच आहे, या म्हणाले.

मला भीती वाटते. एकट्याचं ताट वाढून घ्यायची भीती. संध्याकाळच्या धारा झाल्यावर पुढ्यात येणाऱ्या त्या वेळेची भीती. छत अंगावर येईल तेव्हा कुणाला हाक मारू? शेजारी बाप आहे, निदान खोकतो तरी.

१० जुलै

वाईट दिवस. उठलो नाही. दादा उशाशी बसून होते. त्यांच्या डोळ्यांत मी बघितलं – आता ते गोरक्षनाथच्या त्या खोलीचा विचारसुद्धा करत नाहीत. मी आजारी पडलो की त्यांचं मन निवांत होतं, प्रश्नच मिटतो. आम्ही दोघं असे एकमेकांना धरून बुडणार. प्रेमाने!

१९ जुलै

पनीर जमलं! पहिल्यांदा नुसता भुगा झाला, गाईला घातला. दुसऱ्यांदा घट्ट पांढरी वडी. संगमनेरच्या एका हॉटेलवाल्याने चाखून बघितलं, आणत जा म्हणाला. आनंद झाला का? झाला. थोडा. घरी येईपर्यंत टिकला.

भाकरी आता गोल होते. बिभीषण रोज सकाळी धारांना येतो. मी बोलावलं. तो म्हणाला, "मलाही घरी करमत नाही." मग इथेच चहा-भाकरी. रात्रीचं जेवणही एखाद्या दिवशी.

दादा हे सगळं बघतात. काही म्हणत नाहीत. पण परवा पिशवी झटकून उन्हात टाकली होती त्यांनी. मी आलेला बघून उचलली.

२८ जुलै

आज पाठ चोळताना मी म्हटलं, "दादा, मला तुमची सवय आहे. पण तुम्ही माझ्यासाठी इथे वाळायला लागलात तर ते मला पेलायचं नाही. ते माझ्याच्याने होणार नाही."

ते म्हणाले, "पानी घाल."

घातलं. अंग पुसता पुसता म्हणाले, "भाताची आवनी सुरू झाली आसंल तिकडं."

२ ऑगस्ट

दादांना आवरून दिलं. सदरा, दोन पायजमे, डोळ्यांचे थेंब. पिकअपने घाट चढलो. मावशी खाचरात गुडघाभर चिखलात उभ्या होत्या, हात तसेच, चिखलाचे. दादा उतरले. दोघं नुसते उभे. मग दादा माघारी वळून गाडीच्या खिडकीशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ऱ्हाशील ना?"

"राहीन," म्हटलं.

घाट उतरून घरी आलोय. घरात कोणी नाही. भाकरीचं पीठ मळायला घेतो.